लेकरांना घेऊन जंगलात: मराठवाड्यातून गाडीने निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही नांदेडचे. घरात दोन लेकरं, धाकटी चौथीत आणि थोरला आठवीत. सोबत कधी सासूबाई, कधी माझे आईवडील. गेली सात-आठ वर्षं दिवाळीत नाहीतर उन्हाळ्यात आम्ही आमच्याच गाडीने जंगलं फिरतोय. आधी शेजारपाजारचे विचारायचे, मग त्यांच्या पाहुण्यांचे फोन यायला लागले. लातूर, परभणी, जालना, बीडहून येणारे प्रश्न बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत, आले तशाच शब्दांत.

१. ताई, आपल्या मराठवाड्यात एखादं राष्ट्रीय उद्यान आहे का?

नाही. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, मेळघाटातलं गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि सह्याद्रीतलं चांदोली. यातली पहिली चार विदर्भात, म्हणजे आपल्या शेजारच्या अंगणात आहेत. आपल्या आठ जिल्ह्यांत एकही नाही. अभयारण्यं मात्र आहेत आणि ती लेकरांसाठी फार चांगली आहेत. त्यांची माहिती प्रश्न २० मध्ये दिली आहे.

२. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प... सगळं एकच ना?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यानाला सगळ्यात कडक संरक्षण आहे, तिथे गुरं चारायलासुद्धा परवानगी नाही. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू राहू शकतात. व्याघ्र प्रकल्प ही १९७३ पासूनची वेगळी योजना आहे. तिच्यात आतला भाग गाभा, म्हणजे कोअर, आणि भोवतीचा बफर. एकाच जंगलाला तिन्ही नावं लागू शकतात. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, शेजारचं अंधारी १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. तुमच्या कामाचा फरक एवढाच: बुकिंग करताना कोअर आणि बफर वेगळे असतात. त्यांचे दर वेगळे, गेट वेगळे, काही वेळा सुट्टीचे दिवसही वेगळे.

३. पहिल्यांदाच निघतोय, लेकरं ४ आणि ९ वर्षांची. कुठलं जंगल घ्यावं?

नांदेड, परभणी, हिंगोली, लातूरकरांना मी डोळे झाकून टिपेश्वर सांगते. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळचं हे अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं आहे. राष्ट्रीय उद्यान नाही, पण वाघ आहेत, अस्वल आहे, आणि साग-गवताचं मोकळं जंगल असल्यामुळे लहान लेकरांना प्राणी लांबूनही दिसतात. चार वर्षांच्या पोराला घनदाट झाडीत काहीच दिसत नाही, तुम्ही "ते बघ, ते बघ" म्हणत राहता आणि ते रडकुंडीला येतं.

ताडोबा दुसऱ्या फेरीला घ्या. तिथे सगळंच मोठं आहे, सोयी जास्त आणि गर्दीही जास्त. मोहर्ली गेटकडून ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब दिसतात. ते गोंड राजांच्या काळातले, दोरीला घंटा बांधून निरोप पोचवायचे असं गाईड सांगतात. माझा थोरला त्या वेळी सहा वर्षांचा होता, त्याला वाघापेक्षा ते खांब जास्त लक्षात राहिले.

पेंच जरा मोठ्या लेकरांसाठी, आणि तेही रात्रीच्या आभाळासाठी. जानेवारी २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं. अमावस्येच्या आसपास मुक्काम पडला तर नांदेडच्या गच्चीवरून कधीच न दिसलेले तारे लेकरांना दिसतील.

मेळघाट माझ्या सगळ्यात आवडीचं, पण ते डोंगराळ आहे आणि वाघ क्वचित दिसतो. सेमाडोह-कोलकासला सिपना नदीच्या काठी दोन दिवस नुसतं राहायला जायचं असेल तरच जा. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, हे तिथल्या एका आजोबांनी धाकटीला सांगितलं. तेव्हापासून ती सागाला सिपनाच म्हणते.

४. कुठल्या रस्त्याने जायचं?

लातूर-नांदेडकडच्यांनी तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ-वर्धा हा राष्ट्रीय महामार्ग धरावा. नांदेड सोडलं की अर्धापूर, हदगाव, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ. यवतमाळहून पांढरकवड्याला उतरलं की टिपेश्वर. ताडोबासाठी यवतमाळहून वणी-वरोरा करत चंद्रपूरकडे. लेकरांसह थांबत थांबत नांदेड ते मोहर्ली आख्खा दिवस धरा.

संभाजीनगर-जालन्याकडच्यांना समृद्धी महामार्ग सोयीचा. ताडोबासाठी वर्ध्याजवळ उतरून हिंगणघाट, वरोरा. मेळघाटासाठी कारंजा लाडला उतरून अमरावती, परतवाडा. पेंचसाठी नागपूर गाठून सिवनीच्या रस्त्याला लागायचं. या रस्त्यावर जंगलातून जाताना महामार्ग खांबांवर उचललेला आहे, खालून जनावरांना जायला वाट. त्यातली महाराष्ट्राच्या हद्दीतली सर्वांत लांब वाट साडेसातशे मीटरची आहे. गाडी तिथे थांबवता येत नाही, पण लेकरांना आधीच सांगून ठेवलं तर ती खिडकीला नाक लावून बसतात.

वाटेतले थांबे ठरवून घ्या: औंढा नागनाथ, सेवाग्राम, वरोऱ्याचं आनंदवन. सेवाग्रामला बापूंच्या कुटीत जमिनीवर बसायला लावलं तर गाडीत कंटाळलेली लेकरंही शांत होतात.

५. किती दिवस आणि किती सफारी?

एका जंगलाला तीन मुक्काम आणि दोन सफारी, एक सकाळची, एक दुपारची. त्याही एकाच दिवशी नकोत. सकाळची सफारी म्हणजे लेकराला पहाटे साडेचार-पाचला उठवणं. नऊच्या सुमारास ते जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, मान टाकून झोपतं, तेव्हा त्याला उठवू नका. दुपारी पुन्हा चार तास हादरे खायला लावले की तिसऱ्या दिवशी अंगात कणकण येते. आमच्या एका ओळखीच्या कुटुंबाने दोन दिवसांत चार सफारी केल्या, आणि त्यांची मुलगी परत जंगलाचं नावच काढू देईना.

दोन जंगलं एकाच फेरीत करायची का, असंही खूप जण विचारतात. टिपेश्वर आणि ताडोबा जोडता येतात, मधे एक आख्खा दिवस रिकामा ठेवला तर. ताडोबा आणि मेळघाट एका आठवड्यात कोंबू नका.

६. कोणता महिना चांगला?

लेकरांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ जास्त दिसतात हे खरं, पण चंद्रपूरचं तापमान ४५ अंशांच्या वर जातं आणि दुपारच्या सफारीत जिप्सीचा दांडासुद्धा हाताला चटका देतो. आठ वर्षांखालचं लेकरू असेल तर मे नको, असं माझं ठाम मत आहे. शाळेमुळे उन्हाळाच जमत असेल तर परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलच्या सुरुवातीला जा आणि फक्त सकाळच्या सफारी घ्या.

हिवाळ्यात उलटं होतं. उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा कानात शिरतो. कानटोपी, हातमोजे आणि घरातली एक जुनी गोधडी घ्याच. लातूर-धाराशिवकरांनी बुकिंगआधी वेळ अमावस्येची तारीख बघावी, नाहीतर ऐनवेळी शेतावर जायचं की जंगलात यावर घरात वाद होतो.

जुलै ते सप्टेंबर कोअर बंद असतो, १ ऑक्टोबरला उघडतो.

७. बुकिंग कसं करायचं? एजंटकडून की स्वतः?

स्वतः, वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून. नावांशी साधर्म्य असलेली बरीच खासगी पानं आहेत, म्हणून पत्त्याच्या शेवटी gov.in ही सरकारी खूण आहे का ते पाहा.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते: आधी सफारी, मग मुक्काम. आम्ही पहिल्या वर्षी उलटं केलं. खोली मोहर्लीला घेतली आणि सफारी मिळाली ती कोलाऱ्याची. नकाशात दोन्हीला ताडोबाच लिहिलं होतं. प्रत्यक्षात मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा चिमूरच्या बाजूला, आणि जंगलाच्या बाहेरून वळसा घालायला दोन तास लागतात. पहाटे तीनला अंधारात दोन झोपलेली लेकरं उचलून गाडीत टाकली, गेटवर पोचलो तेव्हा जिप्सी आत गेलेल्या होत्या. धाकटी तेव्हा बोलायला नुकतीच लागली होती, ती सारखी "वाघ झोपला?" विचारत होती. मला रडू आलं होतं.

तेव्हा गेटचं नाव कागदावर लिहा. मोहर्ली, खुटवंडा, झरी हे चंद्रपूर-भद्रावतीकडून जवळ. कोलारा आणि नवेगाव चिमूरकडून. टिपेश्वरला सुन्ना, माथनी, कोदोरी. पेंचला सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार. आणि हो, गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव राष्ट्रीय उद्यान वेगळं आणि ताडोबाचं नवेगाव गेट वेगळं. यात फसलेले दोन फोन मला आले आहेत.

ताडोबा मंगळवारी बंद असतं. बाकी जंगलांचा सुट्टीचा वार बुकिंगच्या पानावरच कळतो.

८. ओळखपत्राची फोटोकॉपी चालते का?

बुकिंगला जे ओळखपत्र टाकलं तेच, आणि मूळ प्रत जवळ ठेवा. लेकरांची आधार कार्डंही घ्या. बुकिंगमधलं नाव आणि माणूस जुळला नाही तर गेटवर अडवतात. "मावशीऐवजी काकू आली" हे तिथे चालत नाही.

९. खर्च किती येतो?

दर बदलत असतात म्हणून आकडा सांगत नाही, हिशोबाची पद्धत सांगते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. प्रवेश, जिप्सी आणि गाईड असे तीन भाग असतात. तुम्ही चौघं असलात तरी जिप्सीचं भाडं पूर्ण जिप्सीचंच. म्हणून बहिणीचं किंवा दिराचं कुटुंब जोडून घेतलं तर परवडतं. ताडोबात शनिवार-रविवारचा दर जास्त असतो. मधल्या वारांना गेलात तर पैसे वाचतात, गर्दीही टळते. बफरच्या सफारी स्वस्त पडतात आणि तिथेही वाघ असतातच, त्यांना हद्दीची पाटी वाचता येत नाही.

१०. माझं बाळ दीड वर्षाचं आहे. जिप्सीत घेतील का?

घेतात, पण बुकिंगमध्ये नाव आणि वय नोंदवा. माझा सल्ला विचाराल तर नेऊ नका. बाळाला हादरे बसतात, धूळ नाकातोंडात जाते, भूक लागली की ते रडणारच आणि मग जिप्सीतल्या सगळ्यांचाच जीव कासावीस होतो. आम्ही धाकटीच्या वेळी पाळी लावली होती: सकाळी मी थोरल्याला घेऊन गेले, दुपारी हे गेले, बाळ मुक्कामावर आजीजवळ. तीन वर्षं पूर्ण झाली की खुशाल न्या.

११. आपली गाडी आत नेता येते का?

ताडोबाच्या कोअरमध्ये खासगी गाडी चालत नाही. तुमची गाडी गेटबाहेर, आत नोंदणीकृत जिप्सी आणि गाईड. गाडीत खाण्याचं काही उघडं ठेवू नका, गेटवरची माकडं काच थोडी जरी खाली असली तरी हात घालतात.

१२. पोराला गाडी लागते. काय करावं?

निघायच्या आधी दूध देऊ नका. कोरडी दशमी किंवा भाजलेले चुरमुरे द्या. मोबाईल हातात देऊ नका, खाली बघून मळमळ वाढते. पुढच्या काचेतून लांबचं दिसेल असं मागच्या सीटवर मधोमध बसवा. आल्याचा छोटा तुकडा आणि मीठ आमच्याकडे चालतं. गोळी द्यायची असेल तर डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, वजनावर ठरतो. चिखलदऱ्याच्या घाटात दर अर्ध्या तासाने थांबा, घाई करणारा मागचा ट्रक पुढे जाऊ द्या. आणि उलटीसाठी साध्या पिशव्यांची गुंडाळी हाताशी ठेवा, डिकीत नव्हे.

१३. समृद्धीने रात्री निघून पहाटे पोचलं तर एक दिवस वाचतो ना?

वाचतो, पण मी तसं करत नाही. सरळसोट, एकसारखा रस्ता आहे, चालवणाऱ्याचे डोळे उघडे असून डोकं झोपतं. दिवसा जा, दर दीड तासाला चालक बदला किंवा थांबा. उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता तापतो आणि टायर फुटतात, म्हणून चढण्याआधी हवा तपासा, टायर गुळगुळीत असतील तर बदला, स्टेपनीतही हवा आहे ना ते बघा. डिझेल-पेट्रोल भरून आणि लेकरांचं खाणं-पिणं-शू उरकूनच वर चढा.

लेकराला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसणं बंद करा. मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालचं मूल पट्टा किंवा लहान मुलांच्या सीटविना असेल तर एक हजार रुपये दंड आहे. मला दंडाची काळजी नाही, मांडीवरचं लेकरू ब्रेक लागला की तुमच्या हातात राहत नाही याची आहे.

मेळघाट-ताडोबाच्या आसपासचे जंगलातले रस्ते दिवसाउजेडीच पार करा. काही ठिकाणी रात्री वाहतुकीला बंदी असते, आणि तिथे मोबाईलला रेंजही नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या.

१४. खायला काय न्यावं?

ज्वारीच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, लाडू. दुधात मळलेली दशमी दोन दिवस टिकते. जानेवारीत निघालात तर वाटेत हुरडा मिळतो, त्यासाठी तासभर मोडला तरी हरकत नाही. बाहेरचं तिखट लेकरांना बाधतं, सावजीचं जेवण तर मुळीच देऊ नका. सफारीत फक्त पाणी, तेही घरच्या बाटलीत. उन्हाळ्यात एका बाटलीत ओआरएस कालवून घ्या.

१५. जिप्सीत असताना पोराला शू लागली तर?

हा प्रश्न सगळे लाजत विचारतात आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. जिप्सीतून कुठेही उतरता येत नाही, आत ठरवून दिलेल्या जागीच उतरता येतं. म्हणून जिप्सीत चढायच्या आधी दहा मिनिटं, लागली असो वा नसो, सगळ्यांना एकदा पाठवा. आत शिरताना गाईडदादांना विचारा, "थांबा किती वेळाने येईल?" ते हसत नाहीत, त्यांच्याही घरी लेकरं आहेत. पाचाखालच्यांना डायपर घाला.

१६. आमची लेकरं गप्पच बसत नाहीत. इतरांना त्रास होईल का?

गप्प बसायला सांगू नका, ऐकायला सांगा. वानर "खक् खक्" करतं, चितळ शिट्टीसारखं ओरडतं, सांबराचा आवाज भोंग्यासारखा घुमतो. वाघ-बिबट्या जवळ असला की हे सगळे एकमेकांना सावध करतात आणि गाईड म्हणतो, "कॉल चालू आहे." टिपेश्वरला एकदा जिप्सी बंद करून आम्ही वीस मिनिटं थांबलो. एरवी घरात क्षणभर न थांबणारी धाकटी ओठांवर बोट ठेवून बसली होती, आणि कॉल थांबल्यावर तिनेच हळूच सांगितलं, "आई, सांबर आता तिकडून बोललं." गाईडने जिप्सी तिकडे घ्यायला लावली. वाघ गवतात शिरताना शेपटीचं टोक तेवढं दिसलं.

प्रत्येक लेकराला एक काम वाटून द्या. एकाने आवाज मोजायचे, एकाने ठसे शोधायचे. ओल्या वाटेवर नराच्या पंजाचा ठसा चौकोनी आणि मादीचा लांबट असतो, हे एकदा दाखवलं की पुढचे दोन तास मान खाली घालून ते ठसेच शोधतात.

१७. एवढा खर्च करून वाघ दिसलाच नाही तर?

नाही दिसणार, असं समजूनच निघा आणि लेकरांना घरातूनच तसं सांगा. "वाघ बघायला चाललोय" म्हणून घराबाहेर पडू नका, "जंगल बघायला चाललोय" म्हणा. आमच्या एकूण सफारींत निम्म्याहून कमी वेळा वाघ दिसला आहे.

आपली लेकरं शेतावर रोही आणि रानडुक्कर बघतच मोठी होतात. नीलगाय दिसली की पुण्या-मुंबईची मुलं टाळ्या वाजवतात, आपली म्हणतात, "हे तर रोही, आज्याच्या वावरात रोज येतं." मग त्यांना विचारा, इथे ते पळत का नाही? आमच्या थोरल्याने बराच विचार करून सांगितलं, "इथं कुणी फटाके फोडत नाही म्हणून." वाघ न दिसलेल्या त्या सफारीतलं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

दाखवण्यासारखं पुष्कळ असतं: मोहाच्या बुंध्यावर अस्वलाच्या नखांचे उभे ओरखडे, ताडोबा तलावात काठावर पडलेली मगर, उन्हाळ्यात पांढरंशुभ्र दिसणारं भुताचं झाड, जंगली कुत्र्यांचा कळप, रस्त्यावर शेणाचा गोळा ढकलत नेणारा किडा. झाडांना हात लावू देऊ नका. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात, अंगाला लागल्या की लेकरू दिवसभर खाजवतं.

१८. ड्रायव्हरला थोडे पैसे देऊन जवळ घ्यायला सांगितलं तर? आणि फोटोसाठी मोबाईल?

मुळीच नको. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसह दोन्ही बाजूंनी अडवलं होतं. ती चित्रफीत सगळीकडे फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि चालक-गाईडांवर कारवाई झाली. त्या गाड्यांत कुटुंबंही होती. आपल्या लेकराच्या देखत आपण "अजून जवळ घ्या" म्हणालो तर त्याने काय शिकायचं? उलट तुम्ही सांगा, "दादा, लांबच थांबवा." गाईडला बरं वाटतं, कारण पर्यटकांच्या हट्टापायी नोकरी त्याची जाते.

कोअरमध्ये मोबाईल वापरायला बंदी आहे. फोटो हवेच असतील तर साधा कॅमेरा घ्या. थोरल्याला मी दुर्बीण घेऊन दिली, ती सात वर्षं चालली आहे.

१९. सासूबाईंना गुडघेदुखी आहे. त्यांना जिप्सी झेपेल का?

जिप्सीची पायरी उंच असते, छोटं स्टूल मागून घ्या. मागच्या बाकावर हादरे सगळ्यात जास्त बसतात, म्हणून वडीलधाऱ्यांना पुढच्या बाकावर बसवा आणि पाठीला उशी द्या. गरोदर बाई आणि नुकतंच पाठीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी सफारी करू नये. आजी आल्या तर फायदाच असतो. मोह, तेंदू, चारोळी, पळस ही झाडं माझ्यापेक्षा माझ्या सासूबाईंना जास्त कळतात.

२०. एवढं लांब जमणार नाही. एका दिवसात मराठवाड्यातच काय करता येईल?

*गौताळा*, कन्नडजवळ. १९८६ पासूनचं अभयारण्य, संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांत पसरलेलं. श्रावण-भाद्रपदात सगळं हिरवंगार असतं आणि पितळखोऱ्याची लेणीही याच डोंगरात. चालू शकणाऱ्या लेकरांसाठी यासारखी जागा नाही.

*जायकवाडी*, पैठण. डिसेंबर-जानेवारीत नाथसागराच्या उथळ काठावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आणि पट्टकदंब हंस उतरतात. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात हे सांगितलं की लेकरं आभाळाकडे बघत राहतात. सूर्य वर यायच्या आत पोचा, नाहीतर पक्षी काठापासून आत सरकतात.

*नायगाव*, बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे, मोरांसाठी. पहिल्या पावसानंतर जा.

*येडशी-रामलिंग*, धाराशिव. देवळाजवळचा धबधबा आणि माकडं. प्रसाद पिशवीत झाकून न्या.

नांदेडकरांना किनवट-माहूरचा पट्टा आणि पैनगंगा अभयारण्य जवळ. पावसाळ्यात सहस्रकुंड धबधबा जोडता येतो, पण कठड्याच्या पुढे लेकराला नेऊ नका, तिथले खडक शेवाळलेले असतात. जालना-परभणीकडून लोणार धरा. जिल्हा बुलढाणा असला तरी आपल्याला जवळ. उल्केच्या आघाताने झालेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर २०२० मध्ये रामसर यादीत गेलं.

२१. येडशीला वाघ आलाय म्हणतात. तिथे सफारी मिळेल का?

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या जंगलातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून तो टिपेश्वरचा निघाला. याआधी २०१९ मध्ये टिपेश्वरचाच एक, माग काढायला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम असा फिरत तेराशे किलोमीटरहून जास्त चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२१ मध्ये आणखी एक गौताळ्यात आला. जागा आणि जोडीदार शोधत तरुण नर असे निघतात, आपल्या कापसा-सोयाबीनच्या शेतांतून, ओढ्याकाठच्या झाडीतून, बहुतेक रात्रीचे.

तो वाघ बघायला म्हणून येडशीला लेकरं घेऊन जाऊ नका. ती ताडोबासारखी सफारीची जागा नाही, आणि त्याच्यामागे गर्दी झाली तर तो गावांकडे ढकलला जातो. पण नकाशा पसरून लेकरांना ती वाट बोटाने दाखवा. आमच्या दोघांनी ती भिंतीवरच्या नकाशावर लाल दोऱ्याने लावली आहे, आणि दोरा आमच्या घराच्या फार लांबून जात नाही.

२२. जंगलातल्या रस्त्यावर आपल्या गाडीपुढे जनावर आलं तर?

गाडी थांबवा, काचा वर, हॉर्न नको, दिवे मंद. खाली उतरायचं नाही. चितळ एकटं क्वचित असतं. एक गेलं की मागून दोन-चार येतात, म्हणून लगेच निघू नका. गवा किंवा अस्वल रस्त्यात उभं असेल तर हळूच मागे घ्या आणि वाट बघा. फोटोसाठी काच खाली करणाऱ्या काकांना वेळीच आवरा. लेकरं घरातल्या मोठ्यांचंच बघतात.

२३. गेटवर पोचलो आणि मुलगी जिप्सीत बसायलाच तयार नाही. पैसे तर भरलेत. काय करावं?

जबरदस्ती करू नका. उघडी गाडी, अंधार, आणि आठवडाभर घरात वाघाच्या गोष्टी ऐकलेल्या. चार-पाच वर्षांचं लेकरू घाबरणारच. गाईडला पाच मिनिटं मागा, तिला चाकाजवळ नेऊन गाडी कशी चालते ते दाखवा, ड्रायव्हरदादांशी बोलू द्या, तुमच्या दोघांच्या मधे बसवा. वाघ जिप्सीला एक मोठं जनावर समजतो आणि आपल्या वाटेने जातो, हे गाईडच्या तोंडून ऐकलं की तिला पटतं, आईच्या तोंडून पटत नाही.

तरीही नाहीच म्हणाली तर एकाने तिच्यासोबत बाहेर राहायचं. धाकटी पाचची असताना मी अशीच गेटबाहेर राहिले होते. तिथल्या टपरीवर चहा घेतला. तिने टपरीमागच्या वारुळापाशी बसून मुंग्या एक मेलेला टोळ कसा ओढत नेतात ते तासभर पाहिलं. दुपारच्या सफारीला ती स्वतःहून आधी जाऊन बसली.

थोडा अंदाज घ्यायचा असेल तर आदल्या संध्याकाळी गेटपर्यंत एक चक्कर मारा, उभ्या असलेल्या रिकाम्या जिप्सीत विचारून दोन मिनिटं बसवून बघा.